आशेचा बाजारभाव

गिरगावाला शेअर बाजार परका नाही. ठाकूरद्वारच्या नाक्यावरून दलाल स्ट्रीट गाठायला पायी चालणाऱ्याला पाऊण तास पुरे होतो. फणसवाडी, मुगभाट, खोताची वाडी, गायवाडी या गल्ल्यांतून राहिलेल्या कुटुंबांपैकी कुणी बँकेत, कुणी आयुर्विम्यात, कुणी कापडाच्या पेढीवर, तर कुणी थेट दलालाच्या कचेरीत नोकरी करून संसार केला. पोस्टाचे बचतपत्र, बँकेची मुदतठेव आणि विम्याची पॉलिसी ही या संसारांची त्रिसूत्री होती. तिच्या जोडीला चार चांगल्या कंपन्यांचे समभाग कपाटातील फायलीत जपून ठेवलेले असत. त्या फायलीची जागा आता डीमॅट खात्याने आणि हातातील मोबाइलने घेतली आहे. देशातील डीमॅट खात्यांची संख्या २०२२ मध्येच दहा कोटींच्या पुढे गेली. बचत करणारा मध्यमवर्ग गुंतवणूक करू लागला, याचे स्वागतच केले पाहिजे. पण गुंतवणूक आणि आशा यांतील सीमारेषा पुसली गेली की काय होते, याचाही विचार याच वेळी करायला हवा.

ही सीमारेषा सर्वांत लवकर पुसली जाते ती कर्करोगावरील औषध शोधणाऱ्या लहान कंपनीच्या समभागात. गिरगावातून उत्तरेला काही मैलांवर परळ आहे, आणि परळला १९४१ पासून उभे असलेले टाटा स्मारक रुग्णालय आहे. ज्या घरातील कुणी ना कुणी त्या रुग्णालयाच्या दारात जाऊन आलेले नाही, असे घर मुंबईत शोधावे लागेल. गाडगेबाबांच्या नावाने चालणारी दादरची धर्मशाळा असो, वा नाना पालकर स्मृती समितीचे परळचे रुग्णसेवा सदन असो. बाहेरगावाहून आलेल्या रुग्णांच्या आणि त्यांच्या नातलगांच्या डोळ्यांत एकच प्रश्न असतो: नवे काही औषध निघाले आहे का? हा प्रश्न रुग्णाच्या तोंडी पवित्र आहे. तोच प्रश्न समभागाच्या भावाचा आधार बनतो, तेव्हा मात्र तो तपासून घ्यावा लागतो.

मुंबईतीलच एक उदाहरण यासाठी पुरेसे बोलके आहे. निकोलस पिरामल इंडिया या औषध कंपनीने २००७ साली आपला नवऔषध संशोधनाचा विभाग मूळ व्यवसायापासून वेगळा करण्याचे ठरविले. मूळ कंपनीच्या दहा समभागांमागे नव्या कंपनीचा एक समभाग भागधारकांना मिळाला. ही नवी कंपनी पिरामल लाइफ सायन्सेस या नावाने २००८ मध्ये शेअर बाजारात नोंदली गेली. ज्या हजारो कुटुंबांनी औषधे विकून नफा मिळविणाऱ्या कंपनीत पैसे ठेवले होते, ती एका सकाळी, स्वतः काहीही न ठरविता, औषधे शोधणाऱ्या कंपनीचीही मालक झाली. या दोन धंद्यांतील अंतर किती मोठे आहे, याची कल्पना त्यांतील फार थोड्यांना असेल.

या संशोधनाला परंपरा होती आणि तिचा अभिमान वाटावा अशीच ती होती. हेक्स्ट या जर्मन कंपनीचे मुलुंड येथील संशोधन केंद्र १९९८ मध्ये पिरामल समूहाने घेतले. याच मुलुंडच्या केंद्रातील शास्त्रज्ञांनी पूर्वी एक मोठे काम केले होते. पश्चिम घाटात आढळणाऱ्या डायसॉक्सिलम बायनेक्टॅरिफेरम या वृक्षात रोहितुकीन नावाचे द्रव्य असते. त्याच्या आधारे त्यांनी फ्लेव्होपिरिडॉल हा रेणू घडविला. पेशींच्या विभाजनाचे चक्र ज्या विकरांच्या जोरावर फिरते, त्या विकरांना अडविणारा हा रेणू. त्या जातीच्या औषधांपैकी माणसांवरील चाचणीपर्यंत पोहोचलेला तो जगातील पहिला. पिरामल लाइफ सायन्सेसचा प्रमुख रेणू, पी-२७६-००, हा त्याच कुळातील होता. रक्ताचा, लसिकाग्रंथींचा, त्वचेचा, डोके व मानेचा अशा अनेक कर्करोगांवर त्याच्या चाचण्या झाल्या. सह्याद्रीतील झाड, मुलुंडची प्रयोगशाळा, मुंबईची कंपनी आणि जगाला छळणारा रोग! मध्यमवर्गीय मनाला यापेक्षा अधिक काय हवे? पैसाही मिळेल, देशाचे नावही होईल आणि रुग्णाचे प्राणही वाचतील, असा तिहेरी योग त्यात दिसत होता.

प्रत्यक्षात काय घडले? कंपनी बाजारात आली त्याच वर्षी लेहमन ब्रदर्सच्या पतनाने जगभरचे बाजार कोसळले. पण ते निमित्त बाजूला ठेवले, तरी मूळ अडचण कंपनीच्या स्वभावातच होती. विकायला औषध नाही, म्हणून उत्पन्न नाही. संशोधन थांबविता येत नाही, म्हणून खर्च मात्र अटळ. दर तिमाहीला ताळेबंदात तोटा. बाजाराला तिमाहीची भाषा कळते, तर रेणूला दशकाची. या ओढाताणीत २०१० साली मूळ कंपनीने आपला देशांतर्गत औषधविक्रीचा व्यवसाय अमेरिकेच्या अ‍ॅबट कंपनीला ३७२ कोटी डॉलरना विकला. मोठी रक्कम हाती आली आणि २०११ मध्ये संशोधन विभाग पुन्हा मूळ घरी आणण्याचा निर्णय झाला. पिरामल लाइफ सायन्सेसच्या चार समभागांमागे पिरामल हेल्थकेअरचा एक समभाग देण्यात आला. उरलेल्या वनौषधींच्या कंपनीचे नाव पिरामल फायटोकेअर असे झाले, आणि पुढे तीही समूहाच्या मुख्य कंपनीत विलीन झाली. २०१४ मध्ये समूहाने नव्या रेणूंच्या शोधावरील खर्चच आवरता घेतला. पी-२७६-०० हा रेणू औषधाच्या दुकानापर्यंत पोहोचला नाही. त्याचा थोरला भाऊ फ्लेव्होपिरिडॉल, ज्याच्या मागे अमेरिकेतील राष्ट्रीय कर्करोग संस्थेचे बळ होते, तोही अनेक वर्षांच्या चाचण्यांनंतर मान्यतेपर्यंत गेला नाही.

या हकिगतीत खलनायक शोधण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे. रेणू अपयशी ठरणे म्हणजे लबाडी नव्हे. तो या क्षेत्राचा नियमच आहे. पहिल्या टप्प्यात थोड्या रुग्णांवर औषध सुरक्षित आहे का आणि मात्रा किती असावी हे पाहतात. दुसऱ्या टप्प्यात ते गुण देते का हे पाहतात. तिसऱ्या टप्प्यात शेकडो रुग्णांवर, प्रचलित उपचारांशी तुलना करून, ते खरोखर सरस आहे का हे ठरते. कर्करोगाच्या क्षेत्रात पहिल्या टप्प्यात उतरलेल्या शंभर औषधांपैकी सुमारे पाचच शेवटी मान्यता मिळवितात, असे २०११ ते २०२० या दशकातील जागतिक आकडेवारी सांगते. उंदरावर जे औषध गाठ विरघळविते ते माणसावर निष्प्रभ ठरते. जे चाळीस रुग्णांत आशा दाखविते ते चारशे रुग्णांत फिके पडते. म्हणजे अशा एकाच रेणूवर उभ्या असलेल्या कंपनीचा समभाग घेणारा मनुष्य, त्याला ठाऊक असो वा नसो, पंचाण्णव विरुद्ध पाच या पैजेवर पैसे लावीत असतो.

मग तरीही भाव वर का जातात? कारण अशा समभागाचा भाव ताळेबंदावर ठरत नाही, तो बातमीवर ठरतो. आणि पुष्कळदा तर जुन्याच बातमीवर. अमेरिकेतील एंट्रीमेड या लहान कंपनीची कथा अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनी बारकाईने तपासलेली आहे. कर्करोगाच्या गाठीचा रक्तपुरवठा तोडणाऱ्या द्रव्यांविषयीचे संशोधन नोव्हेंबर १९९७ मध्ये 'नेचर' या शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले होते. वृत्तपत्रांनीही त्याची दखल घेतली होती. त्यानंतर पाच महिन्यांनी, ३ मे १९९८ च्या रविवारी, 'न्यूयॉर्क टाइम्स'ने तीच माहिती पहिल्या पानावर छापली. शुक्रवारी बारा डॉलरला बंद झालेला एंट्रीमेडचा समभाग सोमवारी पंच्याऐंशी डॉलरला उघडला आणि दिवसअखेर बावन्न डॉलरच्या आसपास स्थिरावला. नवी माहिती काहीही नव्हती, बदलली होती ती केवळ बातमीची जागा. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात इतर प्रयोगशाळांना ते निष्कर्ष पडताळता आले नाहीत, अशी बातमी आली आणि समभाग एका दिवसात बत्तिसांवरून पंचविसांखाली घसरला. मे महिन्याच्या त्या सोमवारी सकाळी पंच्याऐंशी डॉलर मोजणारे कोण असतील? व्यावसायिक सट्टेबाज त्यात थोडे. 'अखेर औषध सापडले' या आनंदाने धावलेले सामान्य लोकच अधिक असावेत.

दुसरी अमेरिकी कथा याहून बोधप्रद आहे. इम्क्लोन या कंपनीचे अर्बिटक्स हे कर्करोगावरील औषध. डिसेंबर २००१ च्या अखेरीस तेथील औषध नियामकाने या औषधाचा अर्ज विचारार्थ घेण्यासही नकार दिला. ही बातमी जाहीर होण्याआधीच कंपनीच्या प्रमुखाच्या निकटवर्तीयांनी समभाग विकले होते. प्रमुखाला २००३ मध्ये सात वर्षांहून अधिक कारावासाची शिक्षा झाली. आता पुढचा भाग पाहा. तेच अर्बिटक्स फेब्रुवारी २००४ मध्ये मान्य झाले, आणि २००८ मध्ये एलाय लिली या बड्या कंपनीने इम्क्लोनसाठी सुमारे साडेसहाशे कोटी डॉलर मोजले. औषध खरे होते, माणसे खोटी निघाली. सामान्य भागधारक मात्र घाबरून तळाला विकून बसला असेल, तर त्याला औषधाच्या खरेपणाचा काय उपयोग? अशा समभागात चुकीच्या औषधामुळे पैसे जातात, तसे योग्य औषध असूनही जातात, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

मुंबईकरांना हे धडे परदेशातून आणण्याची खरे तर गरज नाही. गिरगावच्या चौपाटीला लागून असलेल्या बॅकबेच्या खाडीने हा खेळ दीडशे वर्षांपूर्वी पाहिला आहे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशाच्या पुरात समुद्र बुजवून जमीन करण्याच्या कंपन्या निघाल्या. बॅकबे कंपनीच्या पाच हजारांच्या समभागाने पन्नास हजारांपर्यंत मजल मारली. १८६५ मध्ये युद्ध संपले, कापसाचा भाव पडला, आणि १ जुलैला हिशेब चुकते करण्याचा दिवस उजाडला तेव्हा देणी भागवायला बाजारात पैसाच नव्हता. पेढ्या बुडाल्या, घरे विकली गेली, बँक ऑफ बॉम्बेसारखी संस्था पुढे गुंडाळावी लागली. विचार करण्यासारखी गोष्ट अशी की, समुद्र हटवून जमीन करण्याची कल्पना खोटी नव्हती. त्याच किनाऱ्यावर पुढच्या पिढ्यांनी रस्ते केले, इमारती बांधल्या. कल्पना खरी होती, काळ आणि किंमत चुकली होती. कर्करोगाच्या औषधाचेही नेमके असेच आहे.

अडचणीतील लहान कंपनीचा भागधारक ज्या मनःस्थितीतून जातो, तिचे टप्पे ठरलेले असतात. प्रथम तो बातमी वाचून समभाग घेतो. भाव पडला की 'आता स्वस्तात मिळतो आहे' म्हणून आणखी घेतो आणि सरासरी खाली आणल्याचे समाधान मानतो. कंपनीचा पैसा संपत आला की ती नवे समभाग काढते. जुन्या भागधारकाचा वाटा आपोआप लहान होतो, हे त्याच्या लक्षात येत नाही. नंतर तो कंपनीविषयीची प्रत्येक चांगली ओळ जपून ठेवतो आणि प्रत्येक वाईट ओळीमागे कुणाचे तरी कारस्थान शोधतो. शंका विचारणारा शेजारी त्याला द्वेष्टा वाटू लागतो. अखेरीस समभाग ही गुंतवणूक उरत नाही, ती निष्ठा होते. घरात कुणी या रोगाने गेले असेल, तर त्या निष्ठेला दुःखाचीही धार येते. अशा माणसाला मूर्ख म्हणणे सोपे आहे. पण तो मूर्ख नसतो. त्याने एका सद्भावनेला चुकीच्या खात्यात जमा केलेले असते. आणि नेमक्या याच मनःस्थितीवर टपून बसलेले लोक मोबाइलवरील गटांतून 'लवकरच मोठी बातमी' असा कानमंत्र देत फिरत असतात. सेबीने अशा प्रकारांवर कारवाई केली आहे आणि ती करीत राहिलीच पाहिजे. परंतु कायदा अफवा पसरविणाऱ्याला शिक्षा देऊ शकतो. अफवेवर विश्वास ठेवण्याची घाई तो थांबवू शकत नाही.

याचा अर्थ देशाने नवी औषधे शोधण्याचा नाद सोडावा असा होतो काय? मुळीच नाही. परक्या औषधावर अवलंबून राहण्याची किंमत भारतीय रुग्णाने मोजलेली आहे. यकृत व मूत्रपिंडाच्या कर्करोगावरील नेक्साव्हर या औषधाचा महिन्याचा खर्च दोन लाख ऐंशी हजार रुपये होता. मार्च २०१२ मध्ये हैदराबादच्या नॅटको कंपनीला सक्तीचा परवाना देण्यात आला, तेव्हा तेच औषध महिना सुमारे आठ हजार आठशे रुपयांत देण्याची अट घालण्यात आली. पण दुसऱ्याच्या औषधाची स्वस्त प्रत करणे ही एक पायरी. स्वतःचे औषध शोधणे ही त्यापुढची. तीही चढता येते, याची उदाहरणे मुंबईतच आहेत. पवईच्या आयआयटीतून निघालेल्या इम्युनोअ‍ॅक्ट या कंपनीने टाटा स्मारक केंद्राच्या सहकार्याने, रुग्णाच्याच रक्तपेशींना शिकवून कर्करोगाशी लढविणारा 'नेक्सकार-१९' हा उपचार विकसित केला. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला देशाच्या औषध नियामकाची मान्यता मिळाली, आणि परदेशांतील तशा उपचारांच्या कित्येक पट कमी खर्चात तो येथे उपलब्ध झाला. मुंबईच्याच ग्लेनमार्क समूहाच्या संशोधनातून आलेला, मज्जापेशींच्या कर्करोगावरील आयएसबी-२००१ हा रेणू जुलै २०२५ मध्ये अमेरिकेच्या अ‍ॅबव्ही कंपनीने परवान्यावर घेतला. त्यासाठी तिने सत्तर कोटी डॉलर आरंभीच देण्याचे मान्य केले.

या दोन यशांत एक साम्य आहे. अपयशाचा भार कुणी पेलावा, याचे उत्तर त्यांत आधीच ठरलेले होते. एकीकडे सार्वजनिक संस्था, सरकारी अनुदान आणि सार्वजनिक रुग्णालय होते. दुसरीकडे चालू व्यवसायाच्या नफ्यातून वर्षानुवर्षे तोटा सोसणारे मोठे घर होते. पिरामल लाइफ सायन्सेसच्या भागधारकालाही जे काही परत मिळाले, ते रेणूमुळे नव्हे. मूळ घर भक्कम होते म्हणून. दहा वर्षे वाट पाहू शकणारे भांडवल आणि मुलीच्या शिक्षणासाठी बाजूला ठेवलेले भांडवल ही दोन वेगळी भांडवले आहेत. पहिल्याचे काम दुसऱ्याने करू नये, आणि दुसऱ्याला त्या कामाला जुंपण्याची वेळ देशाने येऊ देऊ नये.

म्हणून कुटुंबप्रमुखाने काही साधी बंधने स्वतःवर घालून घ्यावीत. ज्या कंपनीकडे विकायला औषध नाही, तिच्यात पूर्ण बुडाले तरी घराच्या खर्चाला धक्का लागणार नाही इतकीच रक्कम ठेवावी. घेण्यापूर्वी भाव पाहण्याऐवजी, हाती असलेला पैसा किती महिने पुरेल आणि चाचणी कोणत्या टप्प्यावर आहे, हे पाहावे. बातमी वाचल्यावर ती नवी आहे की जुनीच मोठ्या अक्षरांत छापली आहे, हे तपासावे. ज्यांना हे संशोधन वाढावे असे मनापासून वाटते, त्यांनी कर्करोग रुग्णालयाला, रुग्णसेवा करणाऱ्या संस्थेला वा विद्यापीठातील प्रयोगशाळेला सरळ देणगी द्यावी. त्या पैशाचा परतावा मागायचा नसतो, त्यामुळे तो बुडतही नाही. सरकारनेही संशोधनावरील खर्चाचा हात मोकळा सोडावा आणि चाचण्यांचे निष्कर्ष, विशेषतः अपयशाचे निष्कर्ष, लोकांना समजेल अशा भाषेत वेळेवर जाहीर करण्याचे बंधन कंपन्यांवर घालावे. भाव पडल्यावर खुलासे मागण्यापेक्षा भाव चढत असताना खुलासे मिळणे अधिक उपयोगाचे.

अखेर एक गोष्ट विसरता येणार नाही. प्रत्येक चाचणीत सर्वांत मोठे भांडवल गुंतविणारा मनुष्य शेअर बाजारात नसतोच. तो परळच्या खाटेवर असतो. नेहमीचे उपचार थकल्यावर, आपल्याला गुण येईल न येईल, पण पुढच्याला उपयोग होईल, असे म्हणून संमतिपत्रावर सही करणारा तो रुग्ण आपला देहच पणाला लावतो. रेणू अपयशी ठरला तरी त्याने दिलेली माहिती पुढच्या शोधाची वाट दाखविते. त्याच्या त्या दानाला शोभेल असा संयम, निदान, दलाल स्ट्रीटपासून पाऊण तासाच्या अंतरावर राहणाऱ्यांनी दाखविणे अवघड नाही. आशेचा भाव बाजाराने रोज ठरवावा. आशा कुणावर आणि किती ठेवायची, हे मात्र प्रत्येक घराने आपले आपण, शांतपणे बसून ठरवायला हवे.